इस्रोचं पत्र आलंय, आणि लेकीला जायचंय खासगीत

पत्र असं आहे:

"दादा, मी फलटण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. माझी लेक मेकॅनिकल इंजिनिअर, २४ वर्षांची. इस्रोची परीक्षा आणि मुलाखत पास झाली, तिरुअनंतपुरमला रुजू व्हायचं पत्र आलंय. त्याच आठवड्यात एका खासगी रॉकेट कंपनीनंही तिला घेतलं. पगार जवळजवळ दीडपट. ती म्हणते, 'आई, इस्रोत मी एका व्हॉल्व्हवर दहा वर्षं काढीन, इथे अख्खं इंजिन हातात मिळेल.' तिचे बाबा म्हणतात, खासगी म्हणजे पतसंस्था. माझ्या दिरांचे सहा लाख एका पतसंस्थेत बुडाले, तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा वापरतात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या कंपन्यांत खरं किती आणि फुगा किती? आणि ज्या कामासाठी देशानं साठ वर्षं घातली, ते पैसेवाल्यांच्या हातात जाणं बरोबर आहे का? — एक आई"

कंपनीचं नाव पत्रात होतं, मी गाळलंय.

ताई,

तुमच्या यजमानांचं वाक्य वाचून आधी हसू आलं. मग आठवलं, की एका नव्या अवकाश कंपनीकडे आमच्या शॉपचंही बिल आठ महिने अडकलं होतं, आणि शेवटी त्या कंपनीनं गाशाच गुंडाळला. तेव्हा त्यांच्यावर हसायचा मला फारसा हक्क नाही.

हे सदर लिहायला लागण्याआधी २२ वर्षं मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघायचो. पंप, ट्रॅक्टर, गिअरबॉक्स ही पोटापाण्याची कामं, आणि अधूनमधून रॉकेटचे सुटे भाग. सरकारी गिऱ्हाइकाचेही केले, खासगीचेही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या टेबलावर मिळालं, म्हणून तेच आधी सांगतो.

एका फ्लँजला, म्हणजे दोन भाग बोल्टनं जोडायच्या कड्याला, बारा भोकं होती. त्यातलं एक ४० मायक्रॉननं सरकलं. केसाच्या जाडीहून कमी. ट्रॅक्टरवाल्यानं ढुंकूनही बघितलं नसतं. मी सरकारी तपासनिसाला म्हटलं, "साहेब, बोल्ट बसतोय. चालेल." त्यानं मान वर न करता विचारलं, "चालेल हे कुठल्या कॉलममध्ये लिहू?" मग फॉर्म निघाला. धातूचा हीट नंबर काय, मशीन कुठलं, ऑपरेटर कोण, त्या दिवशी टूल बदललं होतं का, त्याच मशीनवर आधी निघालेले भाग परत मोजले का. कागद डिझाइनवाल्यांकडे गेला आणि चार आठवड्यांनी 'वापरण्यास हरकत नाही' असा सहीशिक्का होऊन परत आला. एका भोकासाठी चार आठवडे! आमच्या मालकानं त्या महिन्यात मला चहासुद्धा विचारला नाही.

काही वर्षांनी एका खासगी कंपनीच्या कामात अगदी तसंच झालं. रात्री साडेनऊला मी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. डिझाइन करणारा मुलगा सत्ताविशीचा. त्यानं रात्रीतून हिशोब केला, सकाळी आठला बदललेलं ड्रॉइंग सहीसकट आलं, दुपारी माल गाडीत चढला. मला तर फार आवडलं हे. तुमची लेक ज्याला 'अख्खं इंजिन हातात' म्हणते ना, ते त्या मुलाच्या हातात होतं आणि त्याच्या बोलण्यात दिसत होतं. महिन्याभरानं सहज विचारलं, "त्या बॅचचे आधीचे भाग परत मोजून घेतले होते का?" तो म्हणाला, "ते तर टेस्टला गेले, सर."

यातलं शहाणं कोण, हे मला आजही सांगता यायचं नाही. मी एवढंच बघतो, की तो भाग फुटला असता तर भुर्दंड कोणी भरला असता, आणि जाब कोणी दिला असता. सरकारी विरुद्ध खासगी या वादात मला हा एकच प्रश्न कामाचा वाटतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. अवकाशाचं काम खासगी हातांत आज जात नाहीये, ते पहिल्यापासून तिथे आहे. फलटणहून तासाभरावर वालचंदनगर. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, तिथल्या कारखान्यात बनत आली आहेत. इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं मुंबईत, विक्रोळीला, गोदरेजकडे बनतात. २०२० नंतर बदललं ते एवढंच, की ड्रॉइंग कोणाचं. पूर्वी ड्रॉइंग इस्रोचं, रॉकेट इस्रोचं आणि चूकही इस्रोची. कारखान्यानं कागदाबरहुकूम भाग द्यायचा. जून २०२० मध्ये केंद्रानं दार उघडलं, परवानग्या द्यायला इन-स्पेस ही संस्था आली, २०२३ मध्ये अवकाश धोरण आलं. आता कंपनी आपल्या ड्रॉइंगवर आपलं रॉकेट बनवू शकते. १८ नोव्हेंबर २०२२ ला स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस रॉकेट श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंच गेलं. ते उभं करणारे दोघेही इस्रोतून बाहेर पडलेले. ३० मे २०२४ ला चेन्नईच्या अग्निकुल कंपनीनं एकसंध थ्रीडी-प्रिंट केलेल्या इंजिनावर उड्डाण केलं, तेही त्याआधी अनेकदा ऐनवेळी मोजणी थांबवावी लागल्यावर. दोन्ही उड्डाणं कौतुकाचीच. पण दोन्ही वर जाऊन खाली आली, तेवढंच त्यांचं काम होतं. कक्षेत टिकायला सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या पुढे वेग लागतो, आणि खरा खर्च तिथे असतो. गणिताच्या बाईंना हे मी काय सांगणार. पण पेपरातल्या मथळ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

'पैसेवाले' हा शब्दही जरा तपासून बघा. इलॉन मस्क यांची अमेरिकेतली रॉकेट कंपनी स्पेसएक्स २००२ साली निघाली. तिचं पहिलं रॉकेट, फाल्कन-१, २००६ मध्ये पडलं, २००७ मध्ये पडलं, ऑगस्ट २००८ मध्ये तिसऱ्यांदा पडलं. सप्टेंबरात चौथं गेलं. तोवर खिसा जवळजवळ रिकामा झाला होता. डिसेंबरात नासानं अवकाश स्थानकावर सामान पोचवायचं १.६ अब्ज डॉलरचं कंत्राट दिलं आणि कंपनी उभी राहिली. तेव्हा तीनदा आपटूनही चौथं रॉकेट बांधायची धमक मालकाची, आणि ती कंपनी जगली सरकारी ऑर्डरवर. या धंद्यात पहिलं मोठं गिऱ्हाईक बहुतेक वेळा सरकारच असतं. आमच्या शॉपचं जे बिल बुडालं, त्या कंपनीचं नेमकं हेच चुकलं होतं. त्यांच्याकडे सुंदर प्रेझेंटेशन होतं, गिऱ्हाईक नव्हतं.

आणि मोबदल्यात काय मिळालं, तेही मान्य करायला हवं. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटचा खालचा टप्पा परत येऊन उभा उतरला, २०१७ मध्ये असा परत आलेला एक टप्पा दुसऱ्यांदा उडाला. वापरलेलं रॉकेट टाकून द्यायचं, हा जगभरच्या सरकारी कार्यक्रमांचा जुना शिरस्ता. अमेरिकेच्या स्पेस शटलचा बराच भाग परत वापरता यायचा, पण त्याचा खर्च कधी आवाक्यात आला नाही, आणि दोन अपघातांत १४ माणसं गेली, त्यात आपली कल्पना चावला. २०११ मध्ये शटल थांबलं, आणि पुढची नऊ वर्षं अमेरिका आपल्याच माणसांसाठी रशियाच्या यानात तिकिटं काढत बसली. मे २०२० मध्ये ती रांग मोडली स्पेसएक्सनं.

पण खासगी म्हणजे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. २०१४ मध्ये नासानं माणसं नेण्याचं काम दोन कंपन्यांना दिलं. बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. जुनी, मुरलेली, जास्त पैसे घेतलेली कंपनी मागे पडली. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर तिच्या स्टारलाइनरमधून आठवड्याभरासाठी वर गेले, यानात बिघाड निघाला, यान रिकामंच परत आणलं आणि ते दोघं मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या यानातून उतरले. दोन कंपन्या ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

एकच असती तर? त्याची झलक ५ जून २०२५ ला मिळाली. ट्रम्प यांच्याशी समाजमाध्यमावर भांडण चालू असताना इलॉन मस्क यांनी लिहून टाकलं, की माणसं नेणारं स्पेसएक्सचं ड्रॅगन यान बंद करायला घेतो. काही तासांत मागे घेतलं म्हणा. पण तेवढे तास एका देशाची अवकाशात जायची वाट एका माणसाच्या पाऱ्यावर टांगली होती. माझ्या दृष्टीनं खासगीचा मोठा धोका हा आहे. दिवाळं निघालं तर माणसं दुसरीकडे लागतात. मक्तेदाराचा पारा चढला तर काय करायचं?

त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांना अवकाश स्थानकाकडे घेऊन जाणाऱ्या फाल्कन-९ मध्ये उड्डाणाआधी द्रव ऑक्सिजनची गळती सापडली. इस्रोच्या लोकांनी हट्ट धरला, की आधी दुरुस्ती, मग परत चाचणी, मग उड्डाण. ११ जूनचं उड्डाण पुढे गेलं, मध्ये स्थानकाच्या अडचणीही आल्या, शेवटी २५ जूनला ते निघाले. रॉकेट खासगी, पण 'चालेल हे कुठल्या कॉलममध्ये लिहू' असं विचारणारा माणूस सरकारी. मला वाटतं, जोडी अशी जमली तर बरं.

सरकारचं गुणगान गातोय असं वाटायला नको, म्हणून हेही. १९८६ मध्ये चॅलेंजर या स्पेस शटलच्या शेवटच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनीच सांगितलं होतं, की एवढ्या थंडीत रबराच्या रिंगा दगा देतील. कंपनीच्या वरिष्ठांनी आणि नासानं मिळून ते ऐकलं नाही. आपल्याकडे मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात फसलं. समिती बसली, अहवाल लोकांसमोर आला नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुढचं पीएसएलव्ही गेलं आणि पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात घात झाला. त्यात खासगी कंपन्यांचे छोटे उपग्रहही होते, सगळे गेले. १९७९ मध्ये एसएलव्ही-३ रॉकेट पडल्यावर इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सतीश धवन यांनी पत्रकारांपुढे जबाबदारी आपल्या अंगावर घेतली, ही गोष्ट आपण गेली कित्येक वर्षं शाळाशाळांतून सांगतोय. तिचं तेज टिकवायचं तर आजचा अहवालही टेबलावर यायला हवा. खासगी कंपनीला तर माहितीचा अधिकार लागूच होत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न दुप्पट.

भुर्दंडाचं म्हणाल तर तोही शेवटी सरकारकडेच येतो. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कंपनीच्या कामाची जबाबदारी तिच्या देशावर असते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशात जळत जाणारे गोळे लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला तीनएक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. माणूस दगावला नाही हे नशीब. ते चिनी रॉकेटचं होतं, म्हणजे सरकारीच. उद्या एखाद्या कंपनीचं पडलं तर विमा किती, वसुली कोणाकडून, हे सांगणारा अवकाश कायदा आपल्या संसदेनं अजून केलेला नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणून असं: खासगीला दार उघडलं ते योग्यच, पण दाराला कडी लावायची राहिली आहे.

आता लेक.

तिला विचारा, तिला जे करायचंय त्याला आज गिऱ्हाईक आहे का. छोटे उपग्रह कक्षेत सोडायचे, स्वस्त इंजिन बनवायचं, तर गिऱ्हाईक आहे आणि खासगीत ते काम झपाट्यानं होईल. पण काही कामांना वीस वर्षं गिऱ्हाईकच नसतं. अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनाचं बघा. १९९१ मध्ये रशियनांशी करार झाला, अमेरिकेनं निर्बंध लादले, तयार इंजिनं मिळाली पण तंत्र मिळालं नाही. मग आपलं आपण करायला घेतलं. एप्रिल २०१० मध्ये पहिल्या उड्डाणात त्यानं दगा दिला आणि ५ जानेवारी २०१४ ला ते चाललं. एवढा काळ कुठला गुंतवणूकदार थांबेल? आपले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर इंग्लंडहून परत येऊन केरळातल्या थुंब्याला रॉकेटचं घन इंधन रांधत बसले, तेव्हा त्या इंधनाला बाजारभाव नव्हता. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं बनवलेली दुर्बीण आहे, तिला तरी कुठला बाजारभाव? ज्याला अशा कामाची ओढ आहे त्यानं सरकारातच जावं.

व्हॉल्व्हबद्दल मात्र तिच्याशी माझं भांडण आहे. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालं. रॉकेटनं चोख काम केलं. वर गेल्यावर एनव्हीएस-०२ उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारं द्रव्य, सोडणारा व्हॉल्व्ह उघडला नाही, आणि उपग्रह नको त्या कक्षेत अडकला. एक व्हॉल्व्ह! तिकडे व्हर्जिन ऑर्बिट या खासगी रॉकेट कंपनीचं जानेवारी २०२३ चं उड्डाण इंधनाच्या नळीतला फिल्टर जागचा निसटल्यानं फसलं. मार्चमध्ये ८५ टक्के माणसं, म्हणजे पावणेसातशेच्या आसपास, घरी गेली आणि एप्रिलमध्ये दिवाळखोरीचा अर्ज पडला. इस्रोत व्हॉल्व्ह अडला तर समिती बसते, खासगीत नोकरी बसते. अख्खं इंजिन हातात घ्यायचं तर त्यातला व्हॉल्व्हही हातातच येतो, हे तिला जरा चिडवून सांगा.

कंपनीला तिनं काय विचारावं? पगाराच्या आकड्यात रोख किती आणि शेअर ऑप्शन, म्हणजे पुढे कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, किती. दीडपटीतला बराचसा भाग बहुतेक वेळा कागद असतो. इस्रोत मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. ही बेरीज कागदाशी नव्हे, रोखीशी ताडून बघा, फरक बराच आटेल. मग हातातला पैसा किती महिने पुरेल, आणि पैसे मोजलेलं गिऱ्हाईक कोण. हे विचारायला लाजू नये. तिथले लोक चिडले तर तेच उत्तर समजावं. आणि माझा आवडता प्रश्न: तुमची शेवटची चाचणी कशामुळे फसली, आणि नंतर काय बदललं? चांगली कंपनी अर्धा तास उत्साहानं सांगते, फळ्यावर चित्र काढून सांगते. "आमची सगळी टेस्ट यशस्वी झाली" असं म्हणणाऱ्या कंपनीत मी माझ्या पोरीला पाठवणार नाही.

इस्रोलाही एक विचारायचं, ते सहसा कुणी विचारत नाही: कुठला विभाग मिळणार? नक्की सांगतील असं नाही, पण आधी लागलेल्या मुलांना फोन करून अंदाज येतो. इंजिनाची ओढ असलेल्या मुलीच्या हाती इमारतीच्या देखभालीची फाइल आली तर ती दोन वर्षांत कोमेजेल.

माझा कल विचाराल तर पारडं थोडं इस्रोकडे झुकतं, आणि त्याचं कारण पेन्शन नाही. इस्रोतून खासगीत जायची वाट रुळलेली आहे, उलट वाट अरुंद. परीक्षेला वयाची अट आहे आणि जागा मोजक्या. शिवाय पंचविशीत 'चालेल' न म्हणण्याची सवय लागली की ती पुढे कुठल्याही कंपनीत उपयोगी पडते. पण कंपनीनं त्या फसलेल्या चाचणीचं उत्तर फळ्यावर काढून दाखवलं, आणि ते ऐकून लेक रात्री झोपली नाही, तर माझा कल बाजूला ठेवा आणि तिला जाऊ द्या.

तिच्या बाबांना सांगा, पतसंस्थेत दिरांचे पैसे होते, इथे लेकीची चार वर्षं आहेत. कंपनी बुडाली तरी इंजिनाची चाचणी घेतलेले हात बुडत नाहीत, असे हात हवे असलेल्या कंपन्या आज देशात बऱ्याच आहेत. (माझं बिल मात्र गेलं ते गेलंच.) पण त्यांची भीती खोडून काढू नका. पैसा किती महिने पुरेल हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या, फोन स्पीकरवर ठेवून. ठेवी बुडालेल्या घरातला माणूस हा प्रश्न सगळ्यात नेमका विचारतो.

एक राहिलं. पत्र तुम्ही लिहिलंय, तिनं नाही. हे उत्तर तिला वाचायला द्या. आणि रुजू व्हायची शेवटची तारीख तुम्ही कुठेच लिहिली नाहीत. आज संध्याकाळी ते पत्र काढून ती आधी बघा.